‘रुरोनी केन्शिन’ या जपानी ॲनिमेशन मालिकेची पूर्वकथा मूळ मालिकेपेक्षा सरस आहे का? मालिका सोडून थेट तीच बघितली तर चालेल का?

सरस आहे. पण थेट तीच बघू नका, निदान इतक्यात तरी नको.

तुम्ही लिहिलंय की मालिकेचे वीसेक भाग झालेत, विनोद पोरकट वाटतोय आणि मित्र म्हणतोय, ‘त्या चार भागांच्या डार्क पूर्वकथेत सगळं आहे, बाकी सोडून दे.’ मित्राचं निम्मं बरोबर आहे. सामुराईंवरच्या ॲनिमेत त्या चार भागांच्या जवळपास जाणारं फार थोडं आहे. ‘बाकी सोडून दे’ हे मात्र मला अजिबात पटत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. नोबुहिरो वात्सुकी यांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९४ पासून ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात येत होती. तिच्यावरची टीव्ही मालिका १९९६ ते १९९८ चालली. मांगा जिथवर छापून आली होती तिथवर मालिका जवळजवळ येऊन पोहोचली, म्हणून क्योतोचं प्रकरण संपल्यावर मांगात नसलेल्या गोष्टी रचून भाग काढावे लागले आणि प्रेक्षकांचा रस गेला. नायक केन्शिनचा भूतकाळ वात्सुकींनी सविस्तर सांगितला तो मांगाच्या शेवटच्या मोठ्या प्रकरणात, आणि तिथवर टीव्ही मालिका पोहोचलीच नाही. मग १९९९ मध्ये तो भाग चार व्हिडिओंच्या रूपात वेगळा काढला. गंमत म्हणजे दिग्दर्शक तोच, काझुहिरो फुरुहाशी. ज्या माणसानं केन्शिनला, तो जिच्या तलवारशाळेत राहतो त्या काओरूच्या हातचा मार खाताना, डोळे गरगर फिरवताना दाखवलं, त्यानंच हे केलंय. टीव्हीसाठी बनवताना घरातली लहान मुलंही बघणार हे धरावं लागतं. व्हिडिओसाठी ते बंधन नव्हतं, त्यामुळे त्यानं हात मोकळा सोडला.

मालिका घडते १८७८ मध्ये, तोक्योत. मेइजी सरकार येऊन दहा वर्षं झालीत, तलवार बाळगायला दोन वर्षांपूर्वी बंदी आलीय आणि केन्शिन उलट्या धारेची तलवार घेऊन भटकतोय. पूर्वकथेचा मुख्य भाग १८६४ च्या क्योतोतला. शोगुनची, म्हणजे लष्करी शासकाची, सत्ता खिळखिळी झालीय, चोशू प्रांताचे बंडखोर शहरात लपून कट करतायत, शिनसेनगुमी हे शोगुनच्या बाजूचं पथक त्यांच्या मागावर आहे. त्या वर्षीचा इकेदाया खानावळीवरचा छापा आणि नंतर राजवाड्याच्या दारातली लढाई व त्यात जळालेलं क्योतो, या दोन्ही खऱ्या घटना कथेत आहेत. चोशूचा पुढारी कात्सुरा कोगोरो हाही इतिहासातलाच. चोशूसाठी माणसं मारणारा केन्शिन काल्पनिक, पण तो सुचला कावाकामी गेन्साई या त्या काळच्या खऱ्या मारेकऱ्यावरून.

आता ‘डार्क’बद्दल. नेटवर सगळे रक्ताबद्दल बोलतात. रक्त आहेच, भरपूर आहे. पण मला हादरवलं ते पहिल्याच भागातल्या एका रात्रीनं. एक अधिकारी दोन सोबत्यांबरोबर घरी चाललाय. त्यातल्या कियोसातो नावाच्या तरुणाचं लग्न ठरलंय, त्यावरून त्याची थट्टा चाललीय. समोर केन्शिन येऊन उभा राहतो. दोघे तर बघता बघता पडतात. कियोसातो तलवारबाजीत यथातथाच, पण तो मरायलाच तयार नाही. वार झेलतो, पडतो, पुन्हा उठतो, मला मरायचं नाही म्हणत राहतो. त्या झटापटीत केन्शिनच्या गालावर एक ओरखडा उठतो, मालिकेत त्याच्या गालावर जी फुलीसारखी खूण दिसते, तिच्यातली पहिली रेघ. शेवटी केन्शिन त्याला संपवतो. मग इईझुका नावाचा माणूस येतो, प्रेतं तपासतो आणि रोजचं काम झाल्यासारखा बोलतो. केन्शिन त्या वेळी पंधराच्या आसपासचा पोरगा आहे. इतक्या लहान पोराच्या हातून हे बिनबोभाट करून घेणारी माणसं स्वतःला नव्या युगाचे शिल्पकार समजतायत. काळोख म्हणतात तो हा.

तलवारबाजीतला फरक तर डोळ्यांत भरतो. मालिकेत डावाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, मग प्रतिस्पर्ध्यानं तो डाव समजावून सांगायचा, मग कडेला उभ्या मंडळींनी आ वासायचा. एक लढाई दोन-तीन भाग पुरते. मला तेही आवडतं, खोटं कशाला बोलू? पूर्वकथेत कुणी डावांची नावं ओरडत बसत नाही. अंधार, एक-दोन हालचाली, खेळ खलास. माणसाचं शरीर कापलं गेल्यावर कसं कोसळतं ते दिसतं, त्यामुळे टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत. चित्रंही बदललीत: डोळे लहान, रंग विटके, चेहरे खऱ्या माणसांचे. मालिकेचं संगीत नोरियुकी आसाकुरांचं, ठसकेबाज. इथे ताकू इवासाकींचा वाद्यवृंद आहे आणि तो दृश्यावर चढून बसत नाही.

आणि तोमोए. एका गल्लीत केन्शिन मारेकऱ्याला कापतो, रक्ताचा फवारा समोरून आलेल्या बाईच्या पांढऱ्या किमोनोवर उडतो. ती किंचाळत नाही. तुम्ही खरोखरच रक्ताचा पाऊस पाडता, एवढंच म्हणते आणि बेशुद्ध पडते. ती कोण, तिथे कशी आली हे मी सांगणार नाही. पुढे दोघं क्योतोबाहेर ओत्सूजवळ नवरा-बायको म्हणून लपून राहतात, तो औषधं विकतो, भाजीपाला लावतो. तिसऱ्या भागातलं ते संथ खेडेगावातलं जगणं काहींना रटाळ वाटतं. माझ्या मते अख्ख्या पूर्वकथेचा कणा तोच आहे. मांगात दुसऱ्या रेघेची हकीकत जरा वेगळी आहे, आणि इथे फुरुहाशींनी केलेला बदल मला मूळ लेखकापेक्षा भारी वाटतो. एक तक्रार आहे: तोमोएचा धाकटा भाऊ एनिशी मधेच येतो आणि गायब होतो. मांगा न वाचलेल्याला तो का आला हेच कळत नाही.

मग मालिका कशाला बघायची? पूर्वकथेतला केन्शिन जवळजवळ बोलतच नाही. तो चेहरा नुसता बघितला तर एक खिन्न मुलगा दिसेल, फारच देखणा, बस्स. कपडे धुणारा, पोरांशी खेळणारा, काओरूला चिडवणारा अठ्ठावीस वर्षांचा माणूस आधी ओळखीचा असेल, तर प्रत्येक खुनाच्या वेळी मनात येतं की याला इथून तिथवर जायचंय. कसा जाणार? मालिकेतला बावळटपणा तुम्हाला आत्ता खटकतोय, पण या माणसानं तो रोज ठरवून अंगात मुरवलाय, हे पूर्वकथेनंतर लक्षात येतं. शिवाय एक गोष्ट मालिकेलाच जमलीय. पूर्वकथेत माणूस मोडतो. मोडल्यावर जगायचं कसं, जेवायचं कुणाबरोबर, जीव न घेण्याची शपथ पाळताना समोरचा जीव घ्यायला उठला तर काय, हे सगळं मालिकेत आहे.

तेव्हा असं करा. मधले आवडले नाहीत ते भाग खुशाल पळवा, पण अठ्ठाविसाव्या भागापासून नीट बसा. शिनसेनगुमीचा साइतो हाजिमे काओरूच्या दोजोत, म्हणजे तलवारशाळेत, येतो आणि त्याची नि केन्शिनची लढाई जुंपते, तेव्हा केन्शिनचे डोळे बदलतात. काओरू ते बघत असते. तुमच्या मित्राला हवा असलेला काळोख तिथेच डोकावून जातो. मग गृहमंत्री ओकुबो, काजव्यांमधला निरोप, खलनायक शिशिओ, हे सगळं बासष्टाव्या भागापर्यंत बघा. तिथे थांबा. पुढचे भाग चुकले तर काही बिघडत नाही. त्यानंतर पूर्वकथा, शक्यतो एका बैठकीत, चारही भाग मिळून दोन तासांच्या आसपास होतात. २००१ मध्ये आलेली उत्तरकथा मला रडकी वाटली, ती तुम्ही तुमच्या जबाबदारीवर बघा. २०२१ चा खऱ्या नटांचा चित्रपट हीच पूर्वकथा सांगतो. चांगला आहे, पण आधी हे.

आवाज जपानीच ठेवा, खाली सबटायटल्स लावा. दोन्हीकडे केन्शिनला आवाज मायो सुझुकाझे यांचा आहे. ताकाराझुका या फक्त बायकांच्या नाटकमंडळीत त्या पुरुषांच्या भूमिका करायच्या. मालिकेतला लाडिक केन्शिन आणि इथला थंड केन्शिन एकाच गळ्यातून आलेत, यावर पहिल्यांदा ऐकताना विश्वास बसत नाही. आणि घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर लावा.