मागच्या खोलीसाठी एफडी मोडून स्लॅब टाकावा का?

नमस्कार,

दापोलीजवळच्या तुमच्या चिऱ्याच्या कौलारू घराला मागच्या अंगाला ३०० चौरस फुटांची खोली आणि न्हाणीघर जोडायचं आहे. पाया-भिंतींचे पैसे तुम्ही बाजूला काढलेत, प्रश्न छपराचा आहे. कंत्राटदाराने कॉलम-बीमसह स्लॅबचे २ लाख ७० हजार सांगितलेत, लोखंडी सांगाड्यावर रंगीत पत्र्याचे १ लाख ५ हजार, मंगलोरी कौलांचे १ लाख २८ हजार आणि सिमेंट पत्र्याचे ७५ हजार. हाताशी साडेतीन लाखांची एफडी, महिना २४ हजार पेन्शन, मेडिक्लेम नाही. तुमचं मन स्लॅबकडे आहे, कारण ‘एकदाच काय तो खर्च होऊन जाईल’.

एफडी मोडून स्लॅब टाकू नका. जाड, चांगला रंगीत पत्रा घाला.

कोकणच्या पावसात स्लॅबचा खर्च एकदाच होत नाही. तुमच्याच वाडीतून एक चक्कर मारा, स्लॅबवर पुन्हा पत्र्याची शेड चढवलेली घरं दिसतील. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि खारी हवा. सळई गंजून फुगते, खालून पोपडे सुटतात. आधी वॉटरप्रूफिंग, मग शेड, म्हणजे पैसे दोन्ही छपरांचे जातात. त्यात तुमची खोली जुन्या भिंतीला टेकून उभी राहणार. जुना पाया कधीच बसून झालाय, नवा थोडा तरी बसणार, आणि त्या सांध्याला फट पडली की पाणी नेमकं कुठून येतंय ते शोधण्यातच पावसाळा सरतो.

आता हिशेब. पत्र्याचं काम कंजूषपणे करू नका, १ लाख ३० हजार धरा. तरी स्लॅबपेक्षा १ लाख ४० हजार वाचतात. ७ टक्क्यांनी १५ वर्षांत त्याचे सुमारे ३ लाख ८६ हजार होतात (तुमच्या उत्पन्नावर कर लागत नाही, म्हणून तो धरलेला नाही). नुसते पत्रे आज ५५ हजारांचे. वर्षाला ६ टक्के महागाई धरली तर तेव्हा १ लाख ३२ हजारांना पडतील. सगळे बदलले तरी अडीच लाख शिल्लक राहतात.

पण खरं कारण हा हिशेब नाही. पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी सुचवलंय, असं तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय. स्लॅब टाकला तर एफडीतले ८० हजार उरतील. पत्रा घातला तर २ लाख २० हजार. मेडिक्लेम नसलेल्या घरात हा फरक फार मोठा आहे.

कौलं मला मनापासून आवडतात, जुन्या घराशी मेळ बसेल आणि खोलीही गार राहील. पण दरवर्षी पावसाआधी कौलं परतायला माणूस मिळत नाही, वानरं फोडतात ती वेगळीच, हे तुम्हीच लिहिलंय. त्यात आणखी छप्पर वाढवू नका. सिमेंट पत्र्याचा विचार सोडा. त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याचे सगळे प्रकार कर्करोगकारक आहेत.

पत्रा घेताना कोटेशनवर लिहून मागा: जाडी ०.५० एमएम, त्यावर अ‍ॅल्युमिनियम-झिंकचा थर दर चौरस मीटरला १५० ग्रॅम. नुसतं ‘कंपनीचा माल’ चालणार नाही. आधी गंजतात ते स्क्रू, म्हणून स्क्रू आणि रबरी वायसर चांगल्या प्रतीचेच घ्या. उन्हासाठी खालून इन्सुलेशनची शीट लावा. पावसाचा आवाज मात्र राहणारच. आणि ३ जून २०२०चं निसर्ग वादळ तुम्ही पाहिलंय. सांगाडा भिंतीवर नुसता टेकवलेला नको, वरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात बोल्टने जखडलेला हवा. घराचा विमा नसेल तर ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीची चौकशी करा, तिच्यात वादळाचं नुकसान येतं. ग्रामपंचायतीत नमुना आठवर (घरपट्टीच्या आकारणीच्या नोंदवहीत) वाढीव बांधकामाची नोंदही करून घ्या.

एकाच परिस्थितीत माझं मत बदलेल. ‘पुढेमागे वर माडी चढवू’ असं पुण्यातला मुलगा म्हणतो. त्याला सरळ विचारा, दहा वर्षांत चढवणार का, आणि पैसे कोणाचे? त्याच्या फ्लॅटचे हप्ते चालू आहेत. उत्तर खरोखर ‘हो’ असेल, तर इंजिनियरकडून दोन मजल्यांचा पाया काढून घ्या आणि स्लॅबचा फरक त्याने भरावा. नुसत्या ‘बघू’वर तुमची एफडी मोडू नका.

काम एप्रिलअखेर संपेल असं ठरवा. आणि कंत्राटदाराचे दहा टक्के, पावसाची पहिली मोठी झड अंगावर घेऊन छप्पर कोरडं राहिल्यावरच द्यायचे, हे आगाऊ रक्कम देण्याआधी कागदावर घ्या.