बॉल पायथनसाठी रॅक विकत घ्यावा की घरी बांधावा?

तुम्ही टेक्सासमध्ये ऑस्टिनला राहता, घरात बॉल पायथनची, म्हणजे आफ्रिकेतल्या बिनविषारी अजगराची, एक मोठी मादी आणि दोन तरुण नर आहेत, आणखी दोन पिल्लं यायची आहेत. काचेच्या टाक्यांनी खोली भरून गेलीय आणि गॅरेजमध्ये सुतारकामाची हत्यारं आहेत, असं तुम्ही लिहिलंय. रॅक म्हणजे कप्प्यांचा सांगाडा, प्रत्येक कप्प्यात ड्रॉवरसारखा सरकणारा प्लॅस्टिकचा टब आणि टबात साप. मी मिशिगनमध्ये बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक (हाही बिनविषारी साप) पाळते. काही विकतच्या रॅकमध्ये आहेत, काही मी बांधलेल्या रॅकमध्ये. तुमच्या परिस्थितीत मी चार धाकट्यांसाठी घरीच रॅक बांधला असता. मात्र सुरुवात लाकडापासून करू नका. आधी टब ठरवा, मग हीट टेप (विजेवर तापणारी चपटी पट्टी) आणि तिचं तापमान ताब्यात ठेवणारा थर्मोस्टॅट घ्या. सांगाडा सगळ्यात शेवटी.

मोठ्या मादीला मी रॅकमध्ये ठेवणार नाही, म्हणून तिचं आधी सांगते.

बाजारात मोठ्या बॉल पायथनसाठी म्हणून जे टब मिळतात ते साधारण ३३ इंच लांब आणि १७ इंच रुंद असतात. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलं तरी ३७ इंच भरतं. वाढलेली मादी चार ते पाच फुटांची, म्हणजे ४८ ते ६० इंचांची. त्या टबात ती आयुष्यात एकदाही सरळ होऊ शकत नाही. यावर हमखास ऐकू येतं की बॉल पायथन आफ्रिकेत वारुळात नि उंदरांच्या बिळात राहतो, त्याला अडचणीची जागाच आवडते. दिवसा तो बिळात असतो हे खरं आहे, पण रात्री बाहेर पडतो. नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या सापांवरचा एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नर बऱ्यापैकी झाडांवर सापडले आणि त्यांच्या खाण्यात पक्ष्यांचं प्रमाण मादीपेक्षा जास्त निघालं. २०२१ मध्ये जर्मन संशोधकांनी त्याच सापांना रॅकमध्ये आणि टेरॅरियममध्ये, म्हणजे चढायला-लपायला सोय असलेल्या पेटीत, ठेवून त्यांचं वागणं तुलनेनं पाहिलं. टेरॅरियममध्ये ते चढत होते, ऊब घेत होते. रॅकमध्ये यातलं बरंच काही शक्यच नव्हतं आणि तीच ती निरर्थक हालचाल पुन्हा पुन्हा करणंही दिसलं.

रॅक ही ब्रीडरची, म्हणजे सापांची पैदास करणाऱ्यांची, सोय आहे. शंभर साप एका खोलीत, प्रत्येकाला पाणी, खाणं, साफसफाई पटापट करता यावी म्हणून तो आला. पिल्लांसाठी, खायला कुरकुर करणाऱ्या सापासाठी तो खरोखर चांगला आहे. छोट्या, अंधाऱ्या, उबदार जागेत पिल्लू निर्धास्त होतं आणि खायला लागतं, हे मी वारंवार पाहिलंय. मादीसाठी मात्र ४ बाय २ बाय २ फुटांची पीव्हीसीची पेटी घ्या. या पेट्या एकावर एक रचता येतात, त्यामुळे जमिनीवरची जागा वाचवायचा तुमचा हेतूही साधतो. नर मोठे झाले की तेही तिच्यावरच्या मजल्यावर जातील.

आता रॅक. यात टबाला झाकण नसतं, वरच्या कप्प्याची फळी हेच झाकण. म्हणजे टबाची कड आणि फळी यांच्यातली फट हाच सगळ्या कामाचा कणा. मी ती १/१६ इंच धरते, १/८ च्या वर कधीच जाऊ देत नाही. ज्या फटीत सापाचं डोकं जातं तिथून अख्खा साप जातो, आणि कॉर्न स्नेकचं नुकतं जन्मलेलं पिल्लू तर बॉल पायथनच्या पिल्लाहून बारीक असतं. मोठा बॉल पायथन वेगळंच करतो. रात्रभर नाकानं ढकलून टब पुढे सरकवतो. म्हणून प्रत्येक कप्प्यासमोर एक आडवी पट्टी किंवा फिरवायची खिटी हवीच.

यासाठीच टब आधी. दुकानातून सगळे एकदम आणा, वर दोन जादा घ्या. कंपन्या साचे बदलतात, आणि तेच नाव असलेला टब पुढच्या वर्षी पाव इंच उंच निघाला तर तुमच्या कप्प्यात तो शिरणार नाही. हातात टब आल्यावर त्याची उंची चारी कोपऱ्यांवर मोजा. स्वस्त टब मधे फुगलेले असतात.

सांगाड्याला मेलामाइन (वर गुळगुळीत थर असलेली भुशाची फळी) स्वस्त पडतं, पण प्रचंड जड असतं आणि कापलेल्या कडांतून पाणी शिरलं की फुगतं. एकदा फळी फुगली की तुमची मोजून ठेवलेली फट गेली. मेलामाइनच वापरायचं असेल तर प्रत्येक कड, आतलीसुद्धा, बंद करा. अर्धा इंच जाडीचं फोम पीव्हीसी महाग आहे, पण हलकं आहे आणि पाण्याला दाद देत नाही. माझा कौल त्यालाच. प्लायवूडला पॉलियुरेथेन लावलंत तर वास पूर्ण जाईपर्यंत साप ठेवू नका. देवदाराचं लाकूड तर जवळही नको.

टब आत-बाहेर करताना त्याचा तळ हीट टेपवर घासता कामा नये. घासून घासून टेपचं आवरण फाटतं आणि ठिणगी पडते. म्हणून फळीत राउटरनं, म्हणजे खाच पाडायच्या सुतारी यंत्रानं, उथळ खाच पाडून टेप तिच्यात बसवायची, वरून ॲल्युमिनियमच्या फॉइल टेपनं कडा धरायच्या. टेप मागच्या तिसऱ्या भागात येऊ द्या. ३३ इंचांच्या टबाला ११ इंच रुंदीची टेप बरोबर बसते, आणि पुढचे दोन भाग थंड राहतात. ही रुंद टेप फुटाला साधारण २० वॅट घेते. १७ इंच रुंदीच्या कप्प्याला दीड फूट लागते, म्हणजे ३० वॅट. चार कप्प्यांचे १२० वॅट. थर्मोस्टॅटची क्षमता याच्या बरीच वर हवी. सगळे कप्पे समांतर जोडा, कापलेल्या टोकांना इन्सुलेशन द्या. वायरिंगचा हात नसेल तर विक्रेत्याकडून वायर लावलेली टेपच मागवा. इथे धाडस करू नका.

वाचवायचं ते लाकडात वाचवा, थर्मोस्टॅटमध्ये नाही. साधा चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट रिलेवर, म्हणजे आपोआप चालू-बंद होणाऱ्या बटणावर, चालतो. रिले चिकटून चालूच राहिला तर चारही साप एकाच वेळी भाजतात, आणि रॅकमधल्या सापाला बाहेर पडायला जागा नसते. प्रमाणशीर वीज देणारा, म्हणजे हर्पस्टॅटसारखा, थर्मोस्टॅट घ्या. मी शिवाय दुसरा स्वस्त थर्मोस्टॅट काही अंश वर लावून मधे टाकते. पहिला बिघडला तर दुसरा तोडतो. खोलीत धुराचा अलार्मही हवा.

थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, टबात ठेवू नका. साप तो हलवतो, त्यावर मुततो, मग थर्मोस्टॅटला वाटतं गार आहे आणि तो तापवतच राहतो. प्रोब टबाबाहेर, मधल्या कप्प्याच्या टेपवर पक्का चिकटवा. टेपचं तापमान आणि टबाच्या तळाचं तापमान यांत काही अंशांचा फरक पडतो. तो इन्फ्रारेड थर्मामीटरनं मोजा, तेही भुशाच्या वरून नव्हे तर भुसा बाजूला सारून, प्लॅस्टिकवर. साप तिथपर्यंत उकरून जातोच. तिथे ८८ ते ९० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३१-३२ सेल्सिअस, आणि पुढच्या टोकाला ७६ ते ८० हवं. कॉर्न स्नेकसाठी गरम बाजू थोडी कमी चालते. वरचा कप्पा खालच्यापेक्षा नेहमी गरम निघतो, म्हणून प्रत्येक कप्पा वेगळा मोजा. रिकामा रॅक आठवडाभर चालवून पाहा, रात्री आणि भर दुपारीही.

टेप जमीन तापवते, हवा नाही. माझ्या तळघरात हिवाळ्यात खोलीच ७५ अंशांवर ठेवावी लागते. तुमच्याकडे उलट काळजी आहे, टेक्सासच्या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये रॅक अजिबात नको. तो घरात, एसीच्या खोलीत ठेवा.

टबाला हवेची भोकं सोल्डरिंग आयर्ननं पाडा, उघड्यावर, कारण धूर वाईट असतो. आतून बाहेर टोचा म्हणजे खरखरीत कड बाहेर राहते. सुरुवातीला थोडी पाडा. बॉल पायथनला ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते, कात टाकताना ७०. भोकं वाढवता येतात, बुजवता येत नाहीत. टब पारदर्शक असेल तर आत लपायला खोपटं द्या. पाण्याचं भांडं पुढच्या बाजूला.

रॅक विकतच घ्यायचा ठरवलात तर व्हिजन, एआरएस, फ्रीडम ब्रीडर ही अमेरिकेतली जुनी नावं आहेत. तिथेही हेच पाहा: टबाची फट, टेपची खाच, सुटा टब वेगळा मिळतो का. जुना रॅक घेताना टेप मात्र नवीनच लावा.

महाराष्ट्रातून कुणी हे वाचत असेल तर, तिथे मांडूळ, धामण, अजगर असे देशी साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी तो साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची सरकारी नोंदणी करावी लागते. रॅकचा विचार त्यानंतरचा.

तुमची दोन नवी पिल्लं आली की लगेच या रॅकमध्ये घालू नका. सापावरचे माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, हवेच्या भोकांतून एका टबातून दुसऱ्यात सहज जातात, आणि पायथनमधला निडोव्हायरस, म्हणजे श्वसनाचा आजार करणारा विषाणू, वरून दिसत नाही. दुसऱ्या खोलीत सुटे टब ठेवा, खाली पांढरा कागद अंथरा म्हणजे माइट दिसतील. तीन महिने त्यांचं काम शेवटी करा, आधी जुन्या सापांचं. दोन जादा टब आणायला सांगितले ते या कामीही येतील.