बाळंतपणाच्या रजेनंतर ‘आठ ते पाच’ : हक्क कुठला, विनंती कुठली?

प्रश्न : मी पिंपरीला राहते. भोसरीतल्या एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात सात वर्षं नोकरी करते. कंपनीत दीडशेच्या आसपास माणसं आहेत. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा या महिनाअखेर संपते, बाळ सव्वापाच महिन्यांचं आहे. ऑफिस साडेनऊ ते साडेसहा आणि घराजवळचं पाळणाघर सहाला बंद होतं. सासूबाईंच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय. मी आठ ते पाच अशी वेळ आणि आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागितलं. एचआरने फोनवर सांगितलं, ‘अशी सोय नाही, हवं तर अर्धवेळ या,’ आणि एक फॉर्म मेल केला. ‘मी स्वेच्छेने’ कमी पगार आणि खालचं पद स्वीकारते, असं त्यात आहे. माझी नणंद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ती म्हणते, कंपनीला हे द्यावंच लागतं. खरं काय?

उत्तर : नणंदेचं म्हणणं तुमच्या बाबतीत लागू पडत नाही. त्यांना बालसंगोपन रजा मिळते, १८० दिवसांपर्यंत, पण ती राज्य सरकारच्या निर्णयाने. खासगी कंपनीला तो निर्णय लागू नाही. आणि बाळंतपणानंतर सोयीची वेळ द्यावीच लागेल, असं आपल्या कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. हे आधी कडू सांगून टाकते, कारण तुमचा मेल त्याच समजुतीवर लिहिला असेल तर एचआरला नाही म्हणणं सोपं गेलं असणार.

घरून काम करण्याची तरतूद आहे. २०१७ च्या दुरुस्तीने ती १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली, तिच्या कलम ६० मध्येही ती आहे. पण तिची भाषा नीट वाचा : कामाचं स्वरूप तसं असेल तर मालक परवानगी ‘देऊ शकतो’, किती काळ आणि कुठल्या अटींवर ते दोघांनी मिळून ठरवायचं. ‘द्यावीच लागेल’ असं नाही. कर्नाटक उच्च न्यायालयासमोर असं प्रकरण गेलं होतं. काम घरून होण्यासारखं असेल तरच ही सवलत मिळू शकते, असं न्यायालयाने म्हटलं. तुमचं काम अकाउंट्सचं आहे. महिनाअखेरचं बँक रिकन्सिलिएशन घरच्या लॅपटॉपवर होतं की नाही, हे तुमच्याइतकं एचआरला ठाऊक नाही. ते तुम्ही कामांची यादी देऊन दाखवायचं.

आता जे मागायचं नाही, घ्यायचंच आहे, त्याकडे वळू. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत, म्हणजे अजून जवळजवळ दहा महिने, नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीखेरीज रोज दोन ब्रेक तुमचे आहेत (याच संहितेचं कलम ६६; पुढची कलमंही तिचीच). त्यांचा पगार कापता येत नाही (कलम ६९). ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि दिवसातून चारदा बाळाकडे जाऊ द्यायला हवं, त्यात जेवणाची सुट्टी धरलेली आहे (कलम ६७). दीडशे माणसांच्या तुमच्या कंपनीत पाळणाघर आहे का, हे पत्रात कुठे दिसलं नाही. नसेल तर पाळणाघर सहाला बंद होतं ही अडचण तुमच्या एकटीची राहत नाही. शिवाय रजेवर गेल्याच्या कारणावरून सेवाशर्ती तुमच्या नुकसानीच्या करणं बेकायदेशीर आहे (कलम ६८). पद आणि पगार जसेच्या तसे मिळाले पाहिजेत.

म्हणून नवा मेल लिहा, आणि त्यात या दोन गोष्टींची सरमिसळ करू नका. आधी हक्क : ‘अमुक तारखेला माझ्या पूर्वीच्या पदावर हजर होत आहे. दोन ब्रेक कोणत्या वेळी घ्यावेत आणि पाळणाघराची व्यवस्था काय आहे, ते कळवावं.’ इथे ‘विनंती’ हा शब्द नको. त्याखाली वेगळ्या परिच्छेदात विनंती : आठ ते पाच, दोन दिवस घरून, सुरुवातीला तीन महिन्यांसाठी, नंतर आढावा. आठ ते पाच म्हणजेही नऊच तास, हे स्पष्ट लिहा. कंपनीला तास कमी झाल्याची भीती असते, तेवढी तरी जाईल. दोन्ही ब्रेक एकत्र करून संध्याकाळी लवकर निघू द्या, असंही सुचवता येईल. कायदा तसं म्हणत नाही, पण पाळणाघराची सोय उभी करण्यापेक्षा कंपनीला हे स्वस्त पडतं, आणि ते त्यांना न सांगताही कळतं. तुमच्या विभागात आणखी कुणी वेगळ्या वेळेत येत असेल, तर तो दाखला जरूर द्या. माझ्या अनुभवात कलमांपेक्षा हाच मुद्दा जास्त चालतो.

उत्तराची वाट पाहत घरी थांबू नका. रजा संपल्यावर न सांगता गैरहजर राहिलात, तर ‘कामावर आल्याच नाहीत’ हे कारण तुम्हीच कंपनीच्या हातात द्याल. पहिले काही दिवस यजमानांनी, भावाने, शेजारणीने, कुणी का होईना बाळाला सहाला घेऊन यावं, पण तुम्ही ठरल्या तारखेला हजर व्हा.

एचआरशी फोनवर जे बोलणं होईल, ते त्याच दिवशी ‘आज आपलं असं बोलणं झालं’ म्हणून मेलने पाठवा. हक्काच्या गोष्टीही नाकारल्या, तर कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करता येते. कामावरून काढलंच, तर आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील करायचं असतं. ती मुदत मात्र चुकवू नका.

राहिला तो फॉर्म. त्यातला ‘स्वेच्छेने’ हा शब्द कुणी सहज टाकलेला नाही. कलम ६८ कंपनीला अडवतं ते तिने तुमच्या अटी बदलल्या तर. तुम्हीच सही करून बदलल्या, तर उद्या माझ्यासारख्या वकिलाला आधी ती सही दबावाखाली झाली हे सिद्ध करत बसावं लागतं. अर्धवेळ काम तुम्हाला मनापासून हवं असेल, तर ते ठराविक महिन्यांपुरतं आणि मूळ पदावर परत येण्याच्या लेखी हमीसह मागा. हजर व्हाल त्या दिवशी कुणी हा कागद पुढे केला, तर ‘वाचून कळवते’ एवढंच म्हणा आणि तो पर्समध्ये घालून घरी घेऊन या.