जुन्या ऐतिहासिक हॅट जमवून त्या प्रत्यक्ष घालाव्यात का?

जमवाव्यात जरूर, पण घालण्यासाठी प्रतिकृतीच घ्यावी. एकोणिसाव्या शतकात सशाच्या केसांपासून फेल्ट (केस दाबून बनवलेले जाड कापड) तयार करताना पाऱ्याचे क्षार वापरले जात. अमेरिकेत ही पद्धत १९४१ मध्ये बंद झाली, मात्र त्याआधीच्या हॅटमध्ये पाऱ्याचा अंश आजही असू शकतो, म्हणून त्या हातमोजे घालूनच हाताळाव्यात आणि धूळ झटकण्याचा मोह टाळावा. आतली चामड्याची घामपट्टी तर इतकी ठिसूळ झालेली असते की एकदा डोक्यावर चढवताच शिवणीपाशी तडकते. हॅट काठावर टेकवून ठेवल्यास काठ चपटा होतो. ती उलटी, माथ्यावर ठेवावी. त्रिकोणी हॅटची प्रतिकृती घालताना एक टोक कपाळाच्या बाजूला येऊ द्यावे, नाहीतर (स्पष्टच सांगायचे तर) ती उलटी घातल्यासारखी दिसते.