कृष्ण अष्टमीचा चंद्र रात्री आठला दिसत नाही

तुझी पोस्ट दोनदा वाचली. बी.कॉम.चं पहिलं वर्ष, ओपन इलेक्टिव्हला (शाखेबाहेरचा निवडीचा विषय) खगोलशास्त्र 'सोपं असतं म्हणे' म्हणून घेतलं, पहिल्या चाचणीत ३० पैकी ११, चंद्रनिरीक्षणाची वही जवळपास कोरी, सबमिशनला तीन आठवडे आणि नागपुरात रोज संध्याकाळी आभाळ. वर तुझा प्रश्न: मोबाइलवरच्या ॲपमध्ये मागच्या तारखा टाकून आकृत्या भरून काढल्या तर चालेल का? आधी हसू आलं, मग पोटात जुना गोळा उठला. कारण हेच मी केलं होतं.

आधीच सांगतो, मी खगोलवाला वगैरे नाही. दिवसभर लोकांचे जीएसटीचे कागद निस्तरतो. आमच्या वेळी ओपन इलेक्टिव्ह नव्हतं, बी.कॉम.सोबत एक ॲड-ऑन सर्टिफिकेट कोर्स होता. मी तो दोनदा केला. हौसेने नाही, पहिल्यांदा सर्टिफिकेट मिळालं नाही म्हणून. तुझ्या कॉलेजचे नियम वेगळे असतील, तेव्हा माझं ऐकून सरांशी भांडायला जाऊ नकोस.

अभ्यास कर, तासाला बस, हजेरी ७५ टक्क्यांच्या वर ठेव, हे सांगत बसत नाही. मुद्दा वहीचा आहे.

आम्हाला पहिल्या तासाला एक चार पानी कागद वाटला होता. नियमांचा. मी त्याची घडी करून स्कूटीच्या डिकीत टाकली आणि तिथे ती रेनकोटखाली लगदा झाली. मला एवढंच माहीत होतं की २४ नोंदी हव्यात. तारीख, वेळ, चंद्राचा आकार, दिशा, क्षितिजापासून उंची. आणि एकदा ध्रुवताऱ्याची उंची. कोर्स जुलैत सुरू झाला. जुलै-ऑगस्टमधलं नागपूरचं आकाश तुला सांगायला नको. पाच नोंदी झाल्या, मग झड लागली, मग मला मलेरिया झाला. तो खरा होता हं, दहा दिवस अंथरुणाला खिळलो होतो.

मेडिकल सर्टिफिकेट घेऊन ऑफिसच्या खिडकीवर गेलो. तिथून सांगितलं, विभागप्रमुखांची सही आणा. विभागप्रमुख म्हणाले, आधी ऑफिसचा आवक क्रमांक आणा, त्याशिवाय मी कशावर सही करू? परत खिडकी. 'बाई जेवाले गेल्या, उद्या या ना.' उद्या गेलो तर ज्या बाईंकडे आवक रजिस्टर होतं त्या परीक्षेच्या कामावर. परवा गेलो तर विचारलं, झेरॉक्स दोन प्रतींत काहून नाही आणली? चार खेटे, आणि पाचव्या दिवशी मुदतवाढीची तारीखच निघून गेली होती. त्या खिडकीवर मी आजही चिडू शकतो, पण कॉलेजचं नाव घेणार नाही. एवढंच सांगतो: अर्ज असेल तर दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, आणि त्याच दिवशी सरांना ई-मेल टाकायचा. तोंडी 'सर मी आजारी होतो' याला दोन महिन्यांनी काही किंमत उरत नाही.

तर मी वैतागलो आणि एका रात्रीत १९ नोंदी ठोकल्या. कॅलेंडर समोर ठेवलं, तिथी बघितली, तिथीप्रमाणे चंद्राचा आकार काढला आणि वेळ सगळीकडे एकच लिहिली: रात्री ८.००. दिशा? कधी पूर्व, कधी आग्नेय, म्हणजे जरा खरं वाटावं. पेनं पण बदलली, निळं, काळं, मधे एकदा शिसपेन्सिल. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

सरांनी वही उघडली, दोन पानं उलटली आणि एका नोंदीवर बोट ठेवलं. 'कृष्ण अष्टमी, रात्री आठ, पूर्वेला, उंची ४० अंश. हा चंद्र कुठून बघितलास?' मी म्हणालो, गच्चीवरून. ते म्हणाले, 'कृष्ण अष्टमीचा चंद्र उगवतोच मध्यरात्रीच्या सुमारास. तुमच्या गच्चीला चार तास आधी कसा दिसला?'

आज हे शेंबड्या पोरालाही कळेल असं वाटतं, पण तेव्हा माझ्या डोक्यात चंद्र म्हणजे संध्याकाळी दिसणारी वस्तू होती. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या आसपास उगवतो आणि त्यानंतर रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा. आठवडाभरात तो उशीर मध्यरात्रीपर्यंत जातो. संकष्टीला आई चंद्रोदयासाठी ताटकळायची, नऊ-साडेनऊ वाजायचे, भुकेने आम्ही कावायचो. हे दर महिन्याला घरात बघत होतो आणि वहीत मात्र अष्टमीचा चंद्र आठला वर चढवला.

इथवर तरी निभावलं असतं. पण मग ध्रुवतारा आला. तो मात्र मी ॲपवरून, म्हणजे संगणकावर आकाश दाखवणाऱ्या स्टेलेरियमवरून घेतला होता आणि उंची लिहिली होती ४९ अंश. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे जवळजवळ त्या गावाचा अक्षांश. नागपूरचा अक्षांश २१ अंश. माझ्या स्टेलेरियममध्ये ठिकाण पॅरिस होतं, ते मी बदललंच नव्हतं. सर पूर्ण वर्गासमोर म्हणाले, 'याचं घर फ्रान्सला आहे.' पुढचे सहा महिने मित्र मला 'अबे पॅरिस' म्हणत होते.

पण खरा चटका वेगळाच. सरांनी त्या नियमांच्या कागदाचं तिसरं पान काढून दाखवलं. तिथे छापलेलं होतं की ठरलेल्या दिवशी आकाश ढगाळ असेल तर वेळ लिहून 'ढगाळ' अशी नोंद करावी. अशा नोंदी निम्म्यापर्यंत पूर्ण धरल्या जातील. म्हणजे १२! मला नुसतं गच्चीवर जाऊन, वर बघून, 'ढगाळ, ८.१०, पश्चिमेकडून वारा' एवढं लिहायचं होतं. खाली असंही होतं की उशिरा दिलेल्या वहीचे रोज १० टक्के कापले जातील, आणि बनावट नोंद सापडली तर पूर्ण वही शून्य. चार दिवस उशिरा अर्धी वही दिली असती तरी काहीतरी हाती लागलं असतं. मी वेळेवर पूर्ण वही दिली आणि भोपळा मिळवला.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, ॲपवरून मागच्या तारखा भरू नकोस. ॲप बरोबर चंद्र दाखवेल, ठिकाणही तू नागपूर ठेवशील, पण त्या संध्याकाळी धो-धो पाऊस होता हे सरांना माहीत असतं, तेही याच गावात राहतात. आजच तुझ्या कोर्सचा नियमांचा कागद शोध, ढगाळ दिवसाबद्दल काय लिहिलंय बघ. काहीच नसेल तर सरांना सरळ विचार, 'ढगाळ' लिहिलेलं चालेल का. माझ्या मते बहुतेक शिक्षक हो म्हणतात. न झालेल्या नोंदींची जागा कोरी सोड. उरलेल्या तीन आठवड्यांत बरंच काही जमतं.

कसं, ते सांगतो. कृष्णपक्षात रात्री ताटकळू नकोस, सकाळी बघ. कृष्ण अष्टमीच्या आसपास आठ-नऊला कॉलेजला निघतोस तेव्हा पश्चिमेकडे बऱ्यापैकी वर फिक्कट अर्धा चंद्र असतो, दिवसाढवळ्या. लोक मोबाइलमध्ये मान घालून सिग्नलला उभे असतात आणि तो डोक्यावर. पावसाळ्यात संध्याकाळपेक्षा सकाळी आभाळ मोकळं मिळण्याची शक्यता जास्त असते असा माझा अनुभव, शास्त्र म्हणून घेऊ नकोस. उंची मोजायला हात लांब करून मूठ धर: एक मूठ साधारण १० अंश, करंगळीची रुंदी १ अंश, आणि चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे करंगळीमागे आरामात लपतो. ध्रुवतारा उत्तरेला दोन मुठींवर, आमच्या गच्चीवरून कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांच्या बाजूला. फार तेजस्वी नाही, त्यामुळे पाऊस पडून हवा धुतली गेल्यावर बघ. आणि चंद्रकोर पुस्तकातल्यासारखी उभी काढू नकोस. ती चित्रं बहुतेक थंड देशांतली. आपल्याकडे संध्याकाळची कोर तिरपी असते, फेब्रुवारी-मार्चमध्ये तर होडीसारखी जवळजवळ आडवी. जशी दिसेल तशी काढ.

आता चाचणीचं. ११ गुण म्हणजे तू पाठ केलंस आणि पेपरात 'का' विचारलं, हो ना? व्याख्या घोकून हा विषय सुटत नाही. मी दुसऱ्या वेळी एकच केलं: प्रत्येक गोष्टीची आकृती काढायची आणि ती शेजारच्या पोराला समजावायची. तो दहावीत होता, फुकट मिळाला.

चंद्रकला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं लिहिलं असशील तर ते खोड. सावली फक्त ग्रहणाला. ऋतूंचं कारण अंतर नाही: पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि सर्वांत लांब जुलैच्या सुरुवातीला. नागपूरकराने तरी यात चुकू नये. मेच्या शेवटी, २६ तारखेच्या आसपास, भर दुपारी सूर्य बरोब्बर आपल्या डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते; तेव्हा सूर्य काही जवळ आलेला नसतो, किरण सरळ पडत असतात. ती दुपारही घड्याळातल्या बाराला नसते, साधारण १२ वाजून १० मिनिटांच्या पुढेमागे. भारताची वेळ ८२.५ रेखांशाची आणि नागपूर ७९ वर, तो फरक.

प्रतीचं, म्हणजे ताऱ्याच्या तेजाच्या आकड्याचं, गणित कॉमर्सवाल्याला सोपं पडायला हवं, ते चक्रवाढच आहे. तारा जितका तेजस्वी तितका प्रतीचा आकडा लहान, मेरिटच्या क्रमांकासारखा. पाच प्रतींचा फरक म्हणजे १०० पट, एका प्रतीचा साधारण अडीच पट. सूर्य उणे २६.७, पूर्ण चंद्र उणे १२.७. फरक १४. दहाचे १०० गुणिले १००, उरलेल्या चारचे साधारण ४०. झाले चार लाख पट. असं दोनदा हाताने केलं की सूत्र पाठ करावं लागत नाही.

केप्लरच्या तिसऱ्या नियमासाठी (ग्रहाच्या सूर्यापासूनच्या अंतराचा घन म्हणजे त्याच्या फेरीच्या वर्षांचा वर्ग) मी साडेसाती वापरायचो. शनी सूर्यापासून पृथ्वीच्या साधारण ९.५ पट लांब. ९.५ चा घन ८५७, त्याचं वर्गमूळ २९ च्या थोडं वर, म्हणजे एवढ्या वर्षांत एक फेरी. बारा राशींत वाट, एका राशीला जवळपास अडीच वर्षं, तीन राशी म्हणजे साडेसात. आजीचं पंचांग आणि केप्लर एकाच ठिकाणी येतात. पुढचं फलित वगैरे मी मानत नाही, त्यावरून इथे वाद घालू नका. आणि हो, हा विषय घेतलाय कळल्यावर मावशी पत्रिका घेऊन येईल. माझी आली होती.

एक हमखास प्रश्न: 'मृगाचा पाऊस' म्हणतो तेव्हा जूनमध्ये मृग आकाशात दिसत का नाही? कारण तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, ७-८ जूनला 'मृग लागतो' म्हणजे तेच. मृग दिवसा वर असतो. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, महिन्याला दोन तास, त्यामुळे तोच मृग डिसेंबरात संध्याकाळनंतर पूर्वेला हजर. हे आम्हाला दोन्ही वर्षी विचारलं होतं. पहिल्या वर्षी मी 'ढगांमुळे' असं लिहिलं होतं.

दुर्बिणीबद्दल विचारलंस. '५२५ पट दिसते' असं खोक्यावर छापलेली टेलिस्कोप घेऊ नकोस, स्टँड हलतो आणि काही दिसत नाही. ७ बाय ५० किंवा १० बाय ५० ची बायनॉक्युलर पुरते; चंद्रावरची विवरं, कृत्तिका, गुरूचे चंद्र दिसतात, फक्त भिंतीला कोपर टेकव. सूर्याकडे तिच्यातून कधीही बघायचं नाही, एकदासुद्धा नाही. टॉर्चला लाल जिलेटिन पेपर लाव, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. पावसाळा संपला की पेंचला जाऊन ये, जानेवारी २०२४ मध्ये तो व्याघ्रप्रकल्प देशातला पहिला डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेली जागा, जाहीर झाला. शहरात आकाशगंगा दिसत नाही, तिकडे दिसते. पण ते ऑक्टोबरनंतर, आधी वही.

माझी ७ बाय ५० कपाटात पडून आहे. एका बाजूला थोडी बुरशी आली आहे, पण दुसऱ्या डोळ्याने छान दिसतं. सबमिशनपर्यंत हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.