साडेतीन आणि सात वर्षांची मुलं घेऊन इमॅजिका: निघण्याआधी उंची मोजा

कोथरूडहून सासूबाई आणि दोन्ही मुलांसह खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाऊन तिथलं थीम पार्क आणि वॉटर पार्क एका दिवसात होईल का, असं तुम्ही विचारलंय. ताई, नाही होणार. मोठ्या मुलांचं होतं. साडेतीन वर्षांचं पोर मात्र तीन-चारच्या सुमारास गळतंच, आणि मग कडेवर घेऊन फिरावं लागतं. एकच निवडा. माझं मत थीम पार्क.

जायच्या आदल्या रात्री एक काम नक्की करा. मुलांना चपला काढून दाराला पाठ लावून उभं करा, पेन्सिलीने खूण करा आणि टेपने उंची मोजा. मग वेबसाइटवर प्रत्येक राइडची किमान उंची बघून मुलांना घरीच सांगा, 'ही तुझी, ही पुढच्या वर्षी.' आम्ही हे केलं नव्हतं. पाऊण तास रांगेत उभं राहिल्यावर माझी लेक उंचीच्या पट्टीखाली गेली. टाचा हळूच उचलल्या होत्या तिने, तरी दोन बोटं कमीच पडली. रेलिंगचा गज घट्ट धरून ती रडत होती, तो गज सोडवायला मला किती वेळ लागला! नियम बरोबरच होता, तिची तयारी मी करून घ्यायला हवी होती.

धाकट्यासाठी टबी हत्तीची राइड आणि कॅरोसेल सकाळी आत शिरल्याशिरल्या उरकून घ्या, नंतर तिथे रांग वाढते. राजासॉरसची बोट सात वर्षांच्याला आवडेल, पण अंधार आहे, डायनासोर अंगावर येतात आणि शेवटी बोट धाडकन पाण्यात उतरते. धाकट्याला नेऊच नका. (राजासॉरस हा डायनासोर खरंच आपल्याकडचा बरं का! नर्मदेच्या खोऱ्यातल्या जीवाश्मांवरून २००३ मध्ये त्याला हे नाव मिळालं. थोरल्याला रांगेत सांगा, वेळ छान जातो.) सलीमगढ भुताचं आहे, तेही टाळा. सासूबाईंना 'आय फॉर इंडिया' जरूर दाखवा. खुर्चीत बसून देशावरून उडल्यासारखं वाटतं. माझ्या आईने तिथून बाहेर आल्यावर पहिल्यांदाच 'पुन्हा जाऊया' म्हटलं. फक्त पाय लोंबकळतात, तेव्हा गुडघ्याचा किंवा चक्करेचा त्रास असेल तर आधी विचारून घ्या.

तुम्हा दोघांना नायट्रो या रोलर कोस्टरमध्ये बसायचं असेल तर एकाने मुलांजवळ थांबायचं, मग अदलाबदल. सगळा भार सासूबाईंवर टाकू नका.

एप्रिल-मे नको. पुण्यातली कोरडी हवा सोडून घाट उतरला की खोपोलीला घामाने अंग चिकचिकतं, मुलं किरकिरी होतात. दिवाळीनंतरचा मधला वार बरा, शनिवार-रविवार सोडून.

घाटात धाकट्याला उलटी होत असेल तर निघताना पोटभर पोहे-दूध देऊ नका. कोरडी पोळी किंवा दोन खाकरे द्या, बाकीचं खाली पोचल्यावर. बाहेरचे डबे आत नेऊ देत नाहीत, म्हणून जेवण बाराच्या आतच घ्या. एक वाजता ताट हातात येईपर्यंत मुलं टेबलावर डोकं टेकून झोपलेली असतात.

आणि कोरड्या कपड्यांची पिशवी डिकीत तळाशी न टाकता मागच्या सीटवर ठेवा. परतताना ओल्या चड्डीत घाट चढायचा म्हणजे लोणावळ्यापर्यंत रडारड.