मुलाने पेढा लगेच खाल्ला, म्हणून तो पुढे मागे पडेल?

साडेचार वर्षांच्या मुलाची आई फार अस्वस्थ होऊन आली होती. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मोबाईलवर पाहिलेली ‘मार्शमेलो टेस्ट’ (मार्शमेलो म्हणजे एक मऊ गोड खाऊ) तिने घरी करून पाहिली. मुलासमोर पेढा ठेवला, “मी येईपर्यंत खाल्ला नाहीस तर दोन देईन,” असं सांगितलं आणि ती आत गेली. मुलाने लगेच पेढा तोंडात टाकला. “संयमच नाही हो मॅडम. अभ्यासात कसा टिकणार?”

ही काळजी घेऊन बरेच पालक येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत हे प्रयोग केले, तेव्हा त्यांना मुलांचं भविष्य सांगायचं नव्हतं. थांबणं कशाने सोपं होतं, हे त्यांना पाहायचं होतं. खाऊ काही मुलांच्या डोळ्यांसमोर ठेवला, काहींच्या नजरेआड. नजरेआड असला की मुलं कितीतरी जास्त वेळ थांबली. कोण कुठल्या गटात जाणार हे योगायोगावर सोडलं होतं, त्यामुळे फरक खाऊ दिसण्या-न दिसण्यानेच पडला असं ठामपणे म्हणता येतं. अंतर्गत वैधता म्हणतात ती हीच.

‘थांबणारी मुलं पुढे हुशार निघतात’ हा निष्कर्ष मात्र त्याच मुलांचा मागोवा घेऊन 1990 मध्ये मांडला गेला. तो प्रयोग नाही, सहसंबंध आहे: दोन गोष्टी सोबत दिसतात एवढंच, एकीमुळेच दुसरी घडली असं त्यातून म्हणता येत नाही. शिवाय ही मुलं बहुतेक विद्यापीठाच्याच परिसरातली. तिथलं अनुमान सगळ्या घरांना लावायचं का, हा बाह्य वैधतेचा प्रश्न. 2018 मध्ये 900हून अधिक मुलांच्या माहितीवर हा निष्कर्ष पुन्हा तपासला, तेव्हा थांबणं आणि पुढची हुशारी यांतला संबंध आधीच्या निम्माच भरला. घरची परिस्थिती आणि लहानपणची आकलनक्षमता हिशेबात घेतल्यावर तर तो आणखी बराच घटला.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मानसशास्त्रज्ञ सेलेस्ट किड यांचा 2013 चा प्रयोग. मुलं होती फक्त 28. निम्म्यांना आधी चांगले रंग, स्टिकर आणून देतो म्हणून सांगितलं आणि दिले. उरलेल्यांना तेच कबूल करून दिले नाहीत. मग मार्शमेलो ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, फसवलेली अवघी 3. ज्याला दुसरा मिळण्याची खात्री नाही, त्याने हातातला खाऊन टाकणं हा शहाणपणच आहे!

मी आईला विचारलं, “घरी ‘नंतर देते’ म्हटलेलं त्याला मिळतं का?” ती थोडी थांबली. ठेवलेला खाऊ बहुतेक वेळा मोठा दादा संपवतो, आणि “उद्या बागेत जाऊ” तर रोजचंच. म्हणजे हेच कारण, असंही मी म्हणणार नाही. एका पेढ्यावरून तेवढं कळत नाही. शाळेत तो खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबतो, गोष्ट शेवटपर्यंत ऐकतो, हे तिनेच सांगितलं. त्या वयाला ते पुरेसं आहे.

जमेल तेवढंच कबूल करायचं आणि ते पाळायचं, असं आम्ही ठरवलं. जाताना तिने विचारलं, “महिन्याने परत टेस्ट घेऊ का?” मी नको म्हटलं. आईला काय हवंय हे त्याला आता ठाऊक आहे. पुढच्या वेळी तो थांबला तरी त्यातून संयमाविषयी काही कळणार नाही.